लेख रिपॉझिटरीत की टेबलात? जॅकरॅबिट ओक आणि पोस्टग्रेसमध्ये निवड कशी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका मराठी मासिकाचं पोर्टल जावामध्ये बनवायचंय, टीम चार-पाच जणांची. जुन्या अंकांमधले लेख, फोटो, पीडीएफ सगळं ऑनलाइन आणायचंय, संपादकांना मसुदा ठेवता यायला हवा, छापून गेलेल्या लेखाची आधीची आवृत्ती काढून बघता यायला हवी, आणि दुसऱ्या बाजूला वर्गणीदार, त्यांचे पैसे, पत्ते, पोस्टाने अंक गेल्याच्या नोंदी, जुन्या अंकांच्या शिल्लक प्रती. टीममधले दोघं म्हणतात कंटेंट रिपॉझिटरी घेऊ, म्हणजे मजकूर फोल्डरच्या झाडासारखा ठेवणारी साठवण, जॅकरॅबिट ओक नावाची, सगळं त्यातच टाकू. बाकीचे म्हणतात पोस्टग्रेस हा टेबलांचा, म्हणजे रिलेशनल, डेटाबेस आणि त्याला जावाशी जोडणारं हायबरनेट, विषय संपला. तर ऐकायचं कोणाचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. वर्गणी, पैसे, पत्ते, पाठवणी, स्टॉक हे रिलेशनल डेटाबेसमध्येच, यात दुसरा विचारच करू नका. लेखांच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात दम आहे, आणि तुमच्या एवढ्या टीमला मी तिथेही पोस्टग्रेसच सांगेन, फक्त एका परिस्थितीत नाही, ती खाली येईलच.

या विषयावरची भांडणं बहुतेक वेळा भलत्याच मुद्द्यावर होतात, कुठलं फास्ट, कशात कोड कमी लिहावा लागतो वगैरे. त्याआधी एक काम करा: पुढच्या दोन-तीन वर्षांत या डेटाला कोण काय विचारणार आहे ते प्रश्न साध्या मराठीत लिहून काढा. संपादक विचारणार की दिवाळी अंकाच्या कथा विभागात काय काय आहे, हा लेख प्रेसला जायच्या आधी कसा होता, याच्यासोबतचे फोटो कुठायत. व्यवस्थापक विचारणार की मार्चअखेर किती जणांची वर्गणी संपते, त्यातले सांगली जिल्ह्यातले किती, ज्यांनी नूतनीकरण केलं नाही त्यांच्यातल्या किती जणांचे अंक पोस्टातून परत आले होते. पहिल्या प्रकारात एका जागेवर जायचं आणि तिथे जे काही असेल ते सगळं उचलून आणायचं असतं, दुसऱ्या प्रकारात हजारो नोंदी एकमेकींशी जुळवून मोजायच्या असतात. कंटेंट रिपॉझिटरी पहिल्यासाठी बांधलेली आहे, रिलेशनल डेटाबेस दुसऱ्यासाठी. एकाकडून दुसऱ्याचं काम करून घेता येतं, पण ते ओढून-ताणून, आणि ती ओढाताण पहिल्या सहा महिन्यांत दिसत नाही, नंतर दिसते.

हा फरक जुना आहे. आयबीएमच्या आयएमएससारख्या १९७० च्या आसपासच्या डेटाबेसमध्ये माहिती झाडासारखी ठेवलेली असायची आणि प्रोग्रामला वाट माहीत असावी लागायची, झाडाची रचना बदलली की प्रोग्राम मोडायचा. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं ते नेमकं यातून सुटायला, की प्रोग्रामला वाट माहीत असायची गरजच नको, नुसत्या व्हॅल्यू जुळवून हवं ते मिळावं. आणि मग पस्तीस वर्षांनी कंटेंट रिपॉझिटरीवाल्यांनी ते झाड आणि ती वाट मुद्दाम परत आणली, कारण मजकुराच्या बाबतीत वाट हाच अर्थाचा भाग असतो. 'दिवाळी २०१९, कथा विभाग, तिसरी कथा' हे त्या कथेचं स्थान आहे, संपादक तसाच विचार करतो आणि वाचकाला ब्राउझरच्या पत्त्यातही तेच दिसतं. वर्गणीदाराला असं एकच स्थान नसतं, तो सांगलीचाही आहे, आजीव सभासदही आहे, आणि मनीऑर्डर सोडून यूपीआयवर आलेल्यांतलाही आहे. त्याला कुठल्या फोल्डरमध्ये ठेवणार?

जेसीआर, म्हणजे जावाचं कंटेंट रिपॉझिटरीचं स्टँडर्ड, पहिल्यांदा २००५ मध्ये जेएसआर १७० म्हणून आलं आणि २००९ मध्ये जेएसआर २८३ म्हणून सुधारून आलं. पुढाकार स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डे सॉफ्टवेअर कंपनीचा आणि तिथल्या डेव्हिड न्यूशलर यांचा, २०१० मध्ये ती कंपनी अ‍ॅडोबीने घेतली आणि आज ज्याला सगळे एईएम (एक्स्पीरियन्स मॅनेजर, साइट सांभाळायचं सॉफ्टवेअर) म्हणतात ते त्यातूनच आलं. अपाचे जॅकरॅबिट हे त्या स्टँडर्डचं इम्प्लिमेंटेशन, आणि ओक ही त्याची नव्याने लिहिलेली पिढी, तिची १.० आवृत्ती २०१४ ची. मॅग्नोलिया हे सीएमएस, म्हणजे संपादकांनी साइट सांभाळायचं सॉफ्टवेअर, तेही जॅकरॅबिटवरच उभं आहे. म्हणजे चीज कच्ची नाही, मोठमोठ्या साइट्स यावर चालतात.

आता एक लेख जवळून बघू. रिपॉझिटरीत लेख म्हणजे एक नोड, झाडातली एक गाठ, अंकाच्या नोडखाली, विभागाच्या नोडखाली. त्याच्यावर प्रॉपर्टी: शीर्षक, लेखक, तारीख, मजकूर. त्याच्याखाली फोटोंचे नोड, प्रत्येक फोटोला ओळ आणि छायाचित्रकाराचं नाव. नोडचा टाइप अनस्ट्रक्चर्ड ठेवला तर त्यावर कुठलीही प्रॉपर्टी कधीही चिकटवता येते, मुलाखतीला मुलाखतकार, परीक्षणाला पुस्तकाचा प्रकाशक आणि किंमत, पाककृतीला साहित्याची यादी, कारण एका प्रॉपर्टीत अनेक व्हॅल्यू चालतात. कुठेही ऑल्टर टेबल नाही, म्हणजे टेबलाची रचना बदलणं नाही, त्यासाठीची मायग्रेशन स्क्रिप्ट नाही. न्यूशलर यांनी जॅकरॅबिटच्या विकीवर मांडलेले काही नियम आहेत त्यातला पहिला हाच, की आधी डेटा येऊ द्या, रचना मागाहून, तीही लागली तर. मासिकासाठी हे फार खरं आहे, कारण संपादक मंडळ दर दिवाळीला नवं सदर काढतं आणि त्याला नवे रकाने लागतात.

व्हर्जनिंगही तयार मिळतं. नोडला व्हर्जनेबल हे मिक्सिन, म्हणजे वरून जोडायचा जादा गुण, लावलं की चेक-इन केल्यावर त्याची गोठवलेली प्रत वेगळ्या व्हर्जन स्टोरेजमध्ये जाऊन बसते, आणि रिस्टोअर हा एक कॉल आहे. पण इथे एक गोष्ट बघून घ्या जी पुष्कळ जण वाचतच नाहीत: लेखाचं व्हर्जन बनताना त्याच्याखालच्या फोटोंच्या नोडचं काय होणार हे नोड टाइपच्या व्याख्येत लिहिलेलं असतं. साधे अनस्ट्रक्चर्ड फोटो-नोड असतील तर ते लेखासोबत कॉपी होतात. पण उत्साहाने तुम्ही फोटो-नोडलाही व्हर्जनेबल करून ठेवलं तर लेखाच्या व्हर्जनमध्ये फोटोची प्रत जात नाही, फक्त फोटोच्या स्वतःच्या इतिहासाकडे बोट जातं, आणि मग रिस्टोअर केल्यावर लेख जुना पण फोटोची ओळ भलतीच असं होऊ शकतं. म्हणून लेख व्हर्जनेबल, त्याच्या आतलं काहीही नाही, हा साधा नियम ठेवा.

फोटो आणि पीडीएफसाठी वेगळा डेटास्टोअर असतो, फाइलच्या आतल्या मजकुरावरून हॅश, म्हणजे तिचा ठसा, काढून त्या नावाने ती ठेवली जाते, त्यामुळे तोच फोटो तीन लेखांत वापरला तरी डिस्कवर एकदाच. फाइल डिलीट केली म्हणून लगेच जागा मोकळी होत नाही, गार्बेज कलेक्शन, म्हणजे कोणी वापरत नाही त्या फाइली पुसायची सफाई, चालवावी लागते, हे ऑपरेशन्सवाल्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आणि परवानग्या झाडाच्या फांदीवर लावता येतात, कृषी विभागाच्या संपादकाला फक्त त्या फांदीखाली लिहायची मुभा, हे रिलेशनलमध्ये करायचं तर एकतर सगळं कोडमध्ये तपासत बसा किंवा पोस्टग्रेसची रो लेव्हल सिक्युरिटी, ओळीगणिक परवानगी, वापरा, जी ९.५ पासून आहे आणि चांगली आहे पण पॉलिसी नीट विचार करून लिहाव्या लागतात.

इतकं सगळं चांगलं आहे तर मग अडतं कुठे?

पहिलं म्हणजे मोजणी. जेसीआरची क्वेरी लिहायची भाषा म्हणजे जेसीआर-एसक्यूएल२, पण नावात एसक्यूएल असलं तरी त्यात काउंट नाही, सम नाही, ग्रुप बाय नाही. जिल्हावार आकडा हवा असेल तर सगळे नोड फिरवून स्वतः मोजा. इतकंच काय, क्वेरीचा रिझल्ट किती नोडचा आहे हे विचारलं तर उणे एक असं उत्तर येऊ शकतं, आणि स्पेसिफिकेशनप्रमाणे ते बरोबर आहे, त्याचा अर्थ आधी सांगता येत नाही असा. ज्याने आयुष्यभर एसक्यूएल लिहिलंय त्याला इथे धक्का बसतो.

दुसरं, इंडेक्स, म्हणजे शोध पटकन लागावा म्हणून ठेवलेली सूची. ओकमध्ये तुम्ही इंडेक्स स्वतः सांगितल्याशिवाय तुमच्या प्रॉपर्टीवर तो नसतो, आणि इंडेक्स नसेल तर क्वेरी झाडाची एकेक फांदी चालत सुटते, लॉगमध्ये ट्रॅव्हर्सलची वॉर्निंग येते. टेस्टिंगला दोनशे लेख असतात तेव्हा कोणी ती वॉर्निंग बघत नाही. शिवाय ल्युसीन या सर्च लायब्ररीचा इंडेक्स मागून, असिंक्रोनस अपडेट होतो, डीफॉल्ट दर पाच सेकंदांनी, म्हणजे संपादकाने लेख सेव्ह केला आणि लगेच सर्चमध्ये शोधला तर तो सापडेलच असं नाही. मजकुरासाठी हे चालतं, 'पैसे भरले का' या प्रश्नाला अजिबात चालत नाही.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, एकाच वेळी एकाच गोष्टीवर दोघांनी लिहिणं. जुन्या अंकांच्या शिल्लक प्रतींचं उदाहरण घ्या, कारण तुमच्याकडे ते आहेच. एका संस्थेत प्रतींचा आकडा नोडवरची प्रॉपर्टी म्हणून ठेवलेला मी बघितलाय. पुस्तक प्रदर्शनाच्या दिवसांत दोन काउंटरवरून एकाच अंकाच्या ऑर्डरी आल्या, एकाने एक प्रत घेतली, दुसऱ्याने तीन. दोन्ही सेशननी शिल्लक चाळीस वाचली, पहिल्याने एकोणचाळीस लिहिलं, दुसरा सदतीस लिहायला गेला आणि त्याचा सेव्ह इनव्हॅलिड आयटम स्टेट, म्हणजे मधेच कोणीतरी बदललंय, असा एरर देऊन फेकला गेला. बिचाऱ्या डेव्हलपरने सेव्हभोवती रीट्राय लावला, मग रीट्रायमध्ये पुन्हा वाचायला लागतं ते लावलं, मग शिल्लक शून्याखाली जाऊ नये म्हणून अजून एक इफ, करता करता त्या एका आकड्यासाठी एक अख्खा क्लास उभा राहिला. पोस्टग्रेसमध्ये हे एका अपडेटचं काम आहे: शिल्लकमधून तीन वजा करा जिथे अंक अमुक आणि शिल्लक तीन किंवा जास्त. किती ओळी बदलल्या ते बघायचं, शून्य असेल तर प्रती संपल्या म्हणून सांगायचं. वरून चेक कन्स्ट्रेंट लावला की कोणाच्याही कोडने शिल्लक उणे होऊच शकत नाही. ओकमध्ये अ‍ॅटॉमिक काउंटरचं मिक्सिन आहे खरं, पण हा 'शून्याखाली नको' वाला पहारा त्यात नाही.

चौथं, आणि हे मीटिंगमध्ये हमखास निघतं म्हणून सविस्तर सांगतो. कोणीतरी म्हणतं, ओकचा डेटा आपण पोस्टग्रेसमध्येच ठेवायला सांगू, तशी सोय आहे, म्हणजे रिपॉझिटरी पण मिळाली आणि रिपोर्ट एसक्यूएलने काढता येतील. सोय आहे हे खरं, रिपोर्ट काढता येतील हे खरं नाही. ओकची ती टेबलं उघडून बघा: नोड्स नावाचं एक टेबल, त्यात आयडी म्हणजे खोली आणि पाथ जोडून केलेली स्ट्रिंग, बदलल्याची वेळ, दोन-चार फ्लॅग, आणि मग डेटा नावाच्या कॉलममध्ये नोडचं सगळं अंतरंग रिव्हिजनसकट जेसन, म्हणजे नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांचा मजकूर, करून कोंबलेलं. जुन्या जॅकरॅबिटमध्ये तर बंडल डेटा म्हणून सरळ बायनरी ब्लॉब असायचा. त्यावर सिलेक्ट लिहून वर्गणीदारांची यादी निघत नाही, आणि कोणी जेसन फोडून काढलीच तरी पुढच्या आवृत्तीत ती मोडणार, कारण तो त्यांचा आतला फॉरमॅट आहे. डेटाबेस तिथे फक्त डिस्कचं काम करतोय असं समजा. आयडीमध्येच पाथ असल्याचा अजून एक परिणाम म्हणजे मोठी फांदी एका जागेवरून दुसरीकडे हलवली तर खालचा प्रत्येक नोड नव्याने लिहावा लागतो. दर वर्षाअखेर 'चालू अंक' फोल्डरमधलं सगळं 'संग्रह' मध्ये हलवायचं अशी योजना असेल तर ती आताच सोडा, अंक पहिल्या दिवसापासून वर्षाच्या फोल्डरमध्येच जन्माला येऊ द्या.

आणि एका पालकाखाली किती मुलं ठेवायची याचंही भान लागतं. जुन्या जॅकरॅबिटमध्ये एका नोडखाली साधारण दहा हजारांच्या पुढे मुलं गेली की सगळं रेंगाळायचं. ओकमध्ये हे बरंच सुधारलंय पण तिथे मुलांचा क्रम जपणारा टाइप वापरला असेल तर तो त्रास राहतोच, ज्याला क्रमाची गरज नाही त्याला ओकचा स्वतःचा अनस्ट्रक्चर्ड टाइप द्या.

आता दुसरी बाजू. पोस्टग्रेसवाल्यांनीही फार निवांत राहू नये, कारण मजकूर टेबलात कोंबायच्या नादात लोक जे करून ठेवतात तेही बघवत नाही. नेहमीचा प्रकार म्हणजे एक लेख टेबल आणि एक 'लेख गुणधर्म' टेबल, त्यात लेखाचा आयडी, गुणधर्माचं नाव, व्हॅल्यू. सुरुवातीला छान वाटतं, कुठलाही नवा रकाना विनामायग्रेशन. मग परीक्षणांची यादी दाखवायची असते, पुस्तक, लेखक, प्रकाशक, किंमत, पानं, म्हणजे तेच टेबल पाच वेळा जॉइन, आणि किंमत टेक्स्टमध्ये असल्यामुळे नव्वद हे शंभरपेक्षा मोठं निघतं. वर्डप्रेसचं पोस्टमेटा टेबल हेच आहे, मेटा व्हॅल्यू हा लाँगटेक्स्ट कॉलम, त्यावर इंडेक्स नाही, आणि जुन्या आवृत्त्या पोस्ट टेबलातच रिव्हिजन टाइपच्या ओळी म्हणून. ड्रुपल दुसऱ्या टोकाला जातं, प्रत्येक फील्डला स्वतंत्र टेबल आणि त्याच्या रिव्हिजनना अजून एक. दोन्ही चालतात, जगभर चालतात, पण त्यांच्या मागे कॅशिंगचं आणि वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांचं बळ आहे जे चार जणांच्या टीमकडे नसतं.

तुम्ही हे करू नका. जे रकाने प्रत्येक लेखाला असतातच, शीर्षक, लेखकाचा आयडी, अंकाचा आयडी, विभाग, अंकातला क्रम, स्थिती, प्रसिद्धीची तारीख, ते साधे कॉलम. सदरागणिक बदलणारे रकाने जेसन साठवणाऱ्या एका जेसनबी कॉलममध्ये, हा प्रकार पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून म्हणजे २०१४ पासून आहे आणि त्यावर आतल्या की शोधणारा जिन इंडेक्स लागतो. लेखाचा मुख्य मजकूर मात्र त्या जेसनबीत टाकू नका, वेगळा टेक्स्ट कॉलम ठेवा, कारण जेसनबीतली एक छोटीशी की बदलली तरी अख्खी व्हॅल्यू नव्याने लिहिली जाते आणि वीस पानी लेखाच्या बाबतीत ते उगाच ओझं होतं. आवृत्त्यांसाठी 'लेख आवृत्ती' टेबल, त्यात लेखाचा आयडी, आवृत्ती क्रमांक, त्या वेळचा पूर्ण मजकूर आणि पूर्ण जेसनबी, कोणी आणि कधी. फरक साठवायच्या भानगडीत पडू नका, पूर्ण प्रत ठेवा, मासिकाचा मजकूर असून असून किती असणार. जी आवृत्ती छापली गेली तिच्याकडे अंकाच्या नोंदीतून बोट दाखवा, म्हणजे संपादकांचा 'छापलं तेव्हा काय होतं' हा प्रश्न एका जॉइनमध्ये सुटतो. विभागांची उतरंड पॅरेंट आयडीने, आणि झाड फिरवायला रिकर्सिव्ह क्वेरी, ती २००९ च्या ८.४ पासून आहे.

फोटो आणि पीडीएफ डेटाबेसमध्ये नकोत, फाइलसिस्टिमवर किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, ओकसारखंच हॅशने नाव देऊन, टेबलात फक्त तो हॅश. यावर कोणी हट्ट केलाच तर हे दाखवा: हायबरनेटमध्ये बाइट अ‍ॅरेवर लॉब अ‍ॅनोटेशन टाकलं की पोस्टग्रेसवर ते बरेचदा लार्ज ऑब्जेक्ट होतं, टेबलात नुसता त्याचा क्रमांक, ओआयडी, असतो, आणि ओळ डिलीट केली तरी तो लार्ज ऑब्जेक्ट मागे तसाच पडून राहतो. डिस्क भरत जाते आणि टेबल तर छोटंच दिसतं. साफ करायला व्हॅक्यूमएलओ नावाचं वेगळं टूल चालवावं लागतं, जे बहुतेकांना डिस्क भरल्यावरच कळतं. आणि हायबरनेट वापरताय तर यादीच्या पानावर एकदा एसक्यूएलचा लॉग उघडून बघाच, वीस लेखांच्या यादीला एकवीस क्वेरी जात असतील तर लेखकाचं नाव एकेक करून येतंय, तिथे जॉइन फेच लिहा.

आता मराठीमुळे पडणारा फरक, जो कुठल्याही इंग्रजी लेखात तुम्हाला सापडणार नाही आणि तुमच्या पोर्टलला तर तो रोज लागणार. लेखकांची सूची वर्णानुक्रमाने लावायची म्हटलं की युनिकोडच्या क्रमाने ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर असतो, क्ष आणि ज्ञ शेवटी. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रम, ऑर्डर बायला लावलं की काम होतं. जेसीआरच्या क्वेरीत ऑर्डर बाय आहे पण त्यात कोलेशन सांगायला जागाच नाही, म्हणजे सगळी यादी मेमरीत आणून जावाच्या कोलेटरने लावत बसा.

सर्चच्या बाबतीत मात्र दोघंही सारखेच लंगडे आहेत. पोस्टग्रेसमध्ये १४ पासून हिंदीचा स्टेमर, प्रत्यय तोडून मूळ शब्द काढणारा, आला, ल्युसीनमध्येही हिंदीचा अ‍ॅनालायझर आहे, पण घर, घरात, घराला, घरांमधून हे सगळं एका शब्दाखाली आणणारं मराठीचं तयार काही यांच्यासोबत येत नाही, आणि हिंदीचा मराठीला लावला तर भलतीकडेच तोडतो. त्यामुळे 'सर्चसाठी रिपॉझिटरी घेऊ' हा मुद्दा तुमच्या बाबतीत बाद समजा. ट्रायग्रामवर, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवर, आधारलेला शोध, सोबत हाताने बांधलेली प्रत्ययांची यादी, इतक्यावर बऱ्यापैकी काम निघतं.

आणि ऱ. 'दुसऱ्या' हा शब्द साठवायचे तीन प्रकार प्रत्यक्षात सापडतात: ऱ हे एकसंध अक्षर, किंवा र आणि खाली नुक्ता, किंवा र ला हलन्त देऊन पुढे झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात. पहिल्या दोघांना एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे युनिकोडचं ठरलेलं एकच रूप देणं, एक करतं, तिसऱ्याला करत नाही, त्याच्यासाठी स्वतःचा रिप्लेस लिहावा लागतो. रिपॉझिटरीत लेखाचं नाव देवनागरीत पाथमध्ये ठेवलंत तर एकाच विभागात दोन हुबेहूब नावाचे नोड शेजारी शेजारी बसू शकतात आणि एकाची लिंक दुसऱ्याला लागत नाही. टेबलातल्या युनिक कन्स्ट्रेंटचंही तेच, त्याला ते दोन वेगळे शब्दच वाटतात. म्हणून कुठलंही तंत्र घ्या, मजकूर आत येतानाच एका ठिकाणी नॉर्मलाइझ करा, आणि पाथ किंवा स्लग (पत्त्यात दिसणारं लेखाचं नाव) रोमन अक्षरांत ठेवा.

आता ती एक परिस्थिती, जिथे मी रिपॉझिटरी घ्या म्हणेन. संपादक मंडळाला नुसते लेख नकोत तर पानं स्वतः मांडायची आहेत, इथे फोटोपट्टी, तिथे चौकट, खाली संबंधित लेख, अशी खोलवर गुंतलेली मांडणी, दर पानाची वेगळी, मसुद्यातली मांडणी आणि प्रसिद्ध मांडणी वेगळी, विभागवार परवानग्या, आणि हे सगळं आवृत्त्यांसकट. हे चारही एकत्र हवं असेल तर टेबलात ते बांधता बांधता तुम्ही स्वतःचीच एक रिपॉझिटरी लिहाल आणि ती ओकपेक्षा वाईट असेल. पण तेव्हाही नुसता ओक घेऊन त्यावर स्वतः सगळं बांधू नका, मॅग्नोलियासारखं तयार सीएमएस घ्या ज्याच्या पोटात रिपॉझिटरी आहे, कारण संपादकांसाठीचा स्क्रीन बनवणं हेच मोठं काम असतं, साठवण नव्हे. यातलं एखाद-दुसरंच हवं असेल तर पोस्टग्रेस पुरे.

समजा दोन्ही घ्यायची वेळ आलीच, तर सीमा अशी आखा की दोन्हीकडच्या गोष्टींना जोडणारा धागा एकच असेल. वाचकाने सशुल्क लेख विकत घेतला तर खरेदीची ओळ टेबलात, आणि त्या ओळीत लेखाचा तुम्ही स्वतः दिलेला क्रमांक, जो लेखाच्या नोडवरही साधी प्रॉपर्टी म्हणून असेल. पाथ ठेवू नका, लेख हलला की तो बदलतो. जेसीआर नोडला आपोआप देतं तो ओळखक्रमांक, यूयूआयडी, तोही नको, कारण एक्स्पोर्ट करून दुसरीकडे इंपोर्ट करताना नवे यूयूआयडी द्यायचा पर्याय कोणी निवडला तर सगळ्या खरेद्या अनाथ होतात. दोन्हीकडे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचा मोहही टाळा, जेटीए, म्हणजे दोन्हीकडचं ट्रान्झॅक्शन एकत्र बांधणारं जावाचं तंत्र, लावून ते करता येतं पण रात्री दोन वाजता अडकलेलं ट्रान्झॅक्शन सोडवायला कोणी नसतं. आधी टेबलात लिहा, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'हे रिपॉझिटरीत करायचंय' अशी एक ओळ घाला, एक जॉब ती ओळ उचलून काम करेल आणि फसलं तर पुन्हा करेल.

बॅकअपचा क्रमही यातूनच ठरतो. ज्याच्यात दुसऱ्याकडे दाखवणारं बोट आहे त्याचा बॅकअप आधी, म्हणजे आधी पोस्टग्रेस, मग रिपॉझिटरीचे नोड, मग डेटास्टोअरमधल्या फाइल्स. अशाने बॅकअपमधल्या प्रत्येक खरेदीला लेख सापडतो आणि प्रत्येक लेखाला फोटो, फक्त त्या दरम्यान गार्बेज कलेक्शन चालू नको आणि लेख कायमचे डिलीट न करता 'मागे घेतला' अशी स्थिती द्यायची. उलट्या क्रमाने घेतला तर रिस्टोअरनंतर अशा खरेद्या सापडतात ज्यांचा लेखच नाही, आणि पैसे भरलेला वाचक फोनवर असतो.

शेवटचं, तुमच्या जुन्या अंकांच्या आयातीबद्दल, कारण निवड काहीही केलीत तरी हे काम आधी सुरू होणार. युनिकोडच्या आधीचे अंक श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये पेजमेकरच्या फाइलींत असतील, ते कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावे लागतील, आणि कन्व्हर्टर जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व इकार इथे हमखास चुकतात. त्यामुळे लेखाच्या नोंदीत तीन गोष्टी ठेवा: कन्व्हर्ट करण्याआधीचा मूळ मजकूर जसाच्या तसा बाइट्समध्ये, कुठल्या फाँटचा आणि कन्व्हर्टरच्या कुठल्या आवृत्तीने बदलला ते, आणि कोणी हाताने मुद्रितशोधन केलंय का याचा एक फ्लॅग. पुढे कन्व्हर्टरमधली चूक सापडली की ज्यांना हात लागलेला नाही तेवढेच लेख पुन्हा कन्व्हर्ट करता येतात, आणि ते नेमके कुठले हे काढायला एक साधा सिलेक्ट पुरतो.